गाडी कमी चालते? मग ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदला

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. बाबांची 2019 ची पेट्रोल हॅचबॅक नागपूरच्या प्रतापनगरात घरापुढे उभी असते. भाजी, बँक, देऊळ, एवढंच फिरणं. वर्षाला कसेबसे दोन हजार किलोमीटर होतात. कंपनीच्या पुस्तकात 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. शेजारचे काका म्हणतात, गाडी चाललीच नाही तर ऑइल खराब कसं होईल, पाच वर्षं बघू नका. आणि बाबा रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवरच सुरू ठेवतात, बॅटरी आणि इंजिन चांगलं राहावं म्हणून.

वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचाच, मीटरवर आकडा काहीही असो. आज चालते तशीच गाडी पुढेही चालणार असेल, तर दर सहा महिन्यांनी. आणि सकाळचं ते दहा मिनिटांचं स्टार्ट करणं आजपासून बंद करा.

काकांचं म्हणणं सीलबंद डब्यातल्या ऑइलबद्दल खरं आहे, ते काही वर्षं सहज टिकतं. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठलेल्या, ऑइलची गोष्ट वेगळी. 1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 1 लिटर पाणी तयार होतं. यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना दिसतात ते हेच पाणी. पण थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतोच. इंजिन थंड असेल तर त्यातली वाफ तिथेच पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. शिवाय थंड इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल मिळतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं. ऑइल त्यामुळे पातळ होतं. पाणी आणि जळलेल्या गॅसमधली नायट्रोजनची संयुगं मिळून आम्ल बनतं. त्याला मारायला ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात, पण ती खर्च होत जातात. म्हणून "अजून सोनेरीच दिसतंय" यावर जाऊ नका. थोडं पाणी, पेट्रोल, आम्ल यातलं काहीच रंगावरून कळत नाही.

रोज हायवेवर जाणाऱ्या गाडीत ही घाण साचत नाही. ऑइल 90-100 अंशांवर बराच वेळ राहिलं की पाणी आणि पेट्रोल उडून जातं, आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (चेंबरमधला गॅस बाहेर काढणारी झडप) परत इंजिनात जाऊन जळतं. त्यासाठी ऑइल खरोखर तापावं लागतं. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याचं) तापमान सांगतो, ऑइलचं नाही. काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, ऑइलला नीट तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. प्रतापनगरातून भाजीला जाऊन येईपर्यंत ते कोमटच राहतं. जागेवर उभ्या गाडीत तर इंजिनवर लोडच नसतो, त्यामुळे दहा मिनिटांत पाणी आणि पेट्रोल आत जातं, बाहेर काहीच निघत नाही. बाबा काळजीपोटी करताहेत, पण रोज थोडी थोडी घाण भरली जातेय.

खात्री करायची असेल तर इंजिन थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. आमच्या गल्लीतल्या एका गाडीचं मी मागच्या डिसेंबरात उघडलं, तर आत दुधाळ कॉफीच्या रंगाचा चिकट थर होता. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि नाकाजवळ नेल्यावर पेट्रोलचा स्पष्ट वास. न भरता ऑइल वाढलं असेल तर आनंदून जाऊ नका, त्यात पेट्रोल मिसळलंय.

इथे एक फार महत्त्वाचं. हा थर दाखवून त्या मालकांना एका गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, ते गेलं की कूलंट ऑइलमध्ये उतरू शकतं) गेलं, हेड खोलावं लागेल, असं सांगितलं होतं. लगेच हो म्हणू नका. आधी कूलंटची पातळी बघा. झाकण पुसून गाडी तासभर हायवेवर चालवा, मग चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. कूलंट कमी होत नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नसेल, तर बहुतेक वेळा तो फक्त साचलेला ओलावाच असतो. या गाडीचंही तेच निघालं.

नागपूरच्या उन्हाने उभ्या गाडीचं ऑइल खराब होतं का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. जे ऑइल 100 अंशांवर काम करायला बनवलंय, त्याला मे महिन्यातले 46 अंश काहीच नाहीत. उलट उन्हाळ्यात इंजिन लवकर तापतं. खरा त्रास पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी. उन्हाचा मार बसतो तो बॅटरीवर, टायरवर आणि रबरी पाइपांवर.

मग करायचं काय? पंधरा दिवसांतून एकदा बाबांना घेऊन वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या. एसी लावा, नेहमीच्या वेगाने चालवा, मध्ये बंद करू नका. जाऊन-येऊन तासभर होतो, ऑइल तापतं, बॅटरी चार्ज होते, टायर एका जागी दबत नाहीत, ब्रेक डिस्कवरचा गंजही निघतो. महिन्यातून एकदा रामटेक केलंत तर फारच छान. हे नियमाने जमलं तर वर्षातून एकदा ऑइल बदलणं पुरेसं आहे. नाही जमलं तर सहा महिने, कारण फक्त जवळच्या फेऱ्या म्हणजे कंपन्यांच्याच पुस्तकांत "कठीण वापर" समजला जातो.

फुल सिंथेटिक घातलं म्हणून दोन वर्षं ढकलू नका. ते उष्णता जास्त सहन करतं, पण पेट्रोल आणि पाणी त्यातही तसंच मिसळतं. ग्रेड पुस्तकात आहे तोच, "नागपूरला जाड लागतं" म्हणून दुसरा नको. इंजिन फ्लश, वरून घालायच्या बाटल्या, यांना सरळ नाही म्हणा. छोट्या गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर, बस्स.

बाबा दोन-तीन महिने तुमच्याकडे पुण्याला राहणार असतील, तर ऑइल ते निघायच्या आधी बदला, आल्यावर नाही. आम्ल असलेलं जुनं ऑइल बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहणं वाईट. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि बोनेटखाली उंदरांचा बंदोबस्त करा.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: बीएस-6 गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं. छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तुम्ही डिपस्टिक दर महिन्याला बघा.

ताई, मागचं ऑइल कधी बदललं ते बिलावर बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर याच आठवड्यात बदलून घ्या. त्याआधी झाकणाचा आणि डिपस्टिकचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.