'अल्ट्रामॅन'चा एकच भाग बघायचा असेल तर जमीलाचा बघा

तुमचा प्रश्न असा आहे : 'माझा आठ वर्षांचा मुलगा जुना जपानी अल्ट्रामॅन आवडीने बघतो. रबरी राक्षस आणि मारामारी सोडून मोठ्या माणसाने बघावं असं त्यात काही आहे का? एखादाच भाग सुचवा.'

तेविसावा भाग बघा. मुलाला शेजारी घेऊन बघा. तो प्रश्न विचारेल, आणि ते प्रश्न टाळू नका.

हा भाग जपानमध्ये १८ डिसेंबर १९६६ रोजी, रविवारी संध्याकाळी सात वाजता लागला होता. मालिका त्सुबुराया प्रॉडक्शन्सची, एकूण ३९ भागांची. दर आठवड्याला एक राक्षस येतो, विज्ञान पथक त्याच्याशी झुंजतं, ते कमी पडलं की पथकातला हायाता अल्ट्रामॅन हा महाकाय वीर होतो आणि छातीवरचा दिवा विझायच्या आत, तीन मिनिटांत, काम उरकतो. हा साचा तुम्हाला एव्हाना पाठ झाला असेल. तेविसाव्या भागात साचा तोच आहे, फक्त शेवटी जिंकल्याचा आनंद कुणालाच होत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. तोक्योमध्ये आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरणार आहे आणि तिथे निघालेल्या प्रतिनिधींची विमानं, जहाजं एकामागून एक नष्ट होत आहेत. हल्ला करणारं यान डोळ्यांना दिसत नाही. ते दिसेल असं यंत्र पथकातला इदे तयार करतो, यान पाडलं जातं आणि आतून राक्षसासारखा दिसणारा जमीला बाहेर येतो. पथकाच्या पॅरिसच्या मुख्यालयातून आलेला अॅलन त्याला बघताच ओळखतो. जमीला राक्षस नाही, माणूस आहे. अंतराळ स्पर्धेच्या काळात एका देशाने त्याला वर पाठवलं, यान भरकटलं आणि पाण्याचा थेंबही नसलेल्या ग्रहावर तो अडकला. विज्ञानापायी माणसाचा बळी दिला असं जगाला कळू नये म्हणून त्या देशाने सगळं दडपून टाकलं. तिथे जगता जगता त्याचं शरीर बदलत गेलं. मोडकं यान दुरुस्त करून तो परत आला, तो सूड घ्यायला.

आणि मग अॅलन पॅरिसचा हुकूम सांगतो : जमीला कोण आहे हे जाहीर करायचं नाही, त्याला राक्षस म्हणूनच संपवायचं. परिषद यशस्वी व्हायची तर दुसरा मार्ग नाही.

मला हा भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो या हुकुमासाठी. जमीलाला एकदा टाकून दिलं होतंच. आता त्याचं माणूस असणंही कागदोपत्री पुसायचं आहे, तेही शांततेच्या नावाने. लहान मुलांच्या कार्यक्रमात, ऐन जेवणाच्या वेळी, हे इतकं सरळ दाखवलंय.

हुकूम ऐकून इदे लढायला नकार देतो. जमीला आपल्या आधी गेलेला आपलाच माणूस आहे, उद्या आपल्याला यानात बसवून पाठवलं तर आपलीही हीच गत होईल, असं तो ओरडून सांगतो. इदे हा पथकातला हसवणारा, धांदरट गडी आहे. हसणाऱ्या माणसाचा आवाज फुटतो तेव्हा ते जास्त लागतं. पण पुढे जमीला गाव जाळू लागतो तेव्हा तोच इदे त्याला विचारतो, 'तुझ्यातलं माणूसपण पुरतं संपलं का रे?' आणि तो अवाढव्य, तडे गेलेल्या मातीसारख्या अंगाचा प्राणी क्षणभर थांबतो, जळत्या घरांकडे बघत राहतो. त्या मुखवट्यावर कुठलाही भाव दाखवायची सोय नाही. तरी तिथे माझा घसा दाटून येतो. लेखक मामोरू सासाकी यांनी कुणाही एकाला पूर्ण बरोबर ठरू दिलेलं नाही. जमीलावर अन्याय झाला हे खरं, आणि ज्यांची घरं जळताहेत त्यांनी त्याचं काही बिघडवलेलं नाही हेही खरं.

आता पाण्याविषयी. आगीने जमीलाला काही होत नाही, त्याचा जीव जातो पाण्याने. पाण्यावाचून जगायला शिकलेल्या शरीराला आता पाणीच सोसत नाही. अल्ट्रामॅन हाताच्या बोटांतून पाण्याचा झोत सोडतो. परिषदेच्या जागी लावलेल्या देशोदेशीच्या झेंड्यांशी जमीला चिखलात लोळतो, सरपटतो, आणि त्याचं ओरडणं तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं ऐकू येतं. हे दृश्य बरंच लांबतं, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी कॅमेरा तिथून हलवत नाहीत. आपल्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात, आणि हरवण्यालाही आपण 'पाणी पाजणं' म्हणतो. मराठी माणूस म्हणून ते दृश्य बघताना मला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी आठवतात आणि ते वेगळे करता येत नाहीत. ज्याची त्याला वर्षानुवर्षं तहान होती, तेच त्याच्या अंगावर ओतून त्याला मारलं.

भागाच्या नावाचा अर्थ 'गाव आपलं पृथ्वी' असा काहीसा करता येईल. नावातला जपानी शब्द 'घर' यापेक्षा, आपण 'तुमचं गाव कुठलं?' विचारतो त्या 'गावा'च्या जवळचा आहे. मी पुण्यात जपानी शिकत होतो तेव्हा हा शब्द पहिल्याच वर्षी शब्दार्थांच्या यादीत आला होता. त्याचं वजन मात्र कळलं या भागामुळे.

जमीला हे नाव जपानी नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जमीला नावाच्या तरुणीवरून ते घेतलं गेलं. फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या मुलीचं नाव अंतराळवीराला द्यायचं आणि त्याला संपवायचा हुकूम पॅरिसहून आणायचा, हे मला तरी योगायोगाचं वाटत नाही. शेवटी उभारलेल्या स्मारकावरचा मजकूरही फ्रेंचमध्येच आहे : मानवजातीच्या ध्येयासाठी आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी प्राण वेचणारा योद्धा इथे विसावला आहे. वर नाव आणि जन्म-मृत्यूची सनं, १९६० ते १९९३, कारण गोष्ट तेव्हाच्या भविष्यात घडते. म्हणजे त्या रविवारी टीव्हीसमोर बसलेली सहा वर्षांची जपानी मुलं जमीलाच्याच वयाची होती! हे मला अनेकदा बघून झाल्यावर ध्यानात आलं आणि अंगावर काटा आला.

अंतराळात पाठवलेल्याचा असा बळी जाईल ही भीती हवेतली नव्हती. १९५७ साली रशियाने लायका कुत्रीला परतीची सोय नसलेल्या यानातून पाठवलं होतं. ती काही तासांतच उष्णतेने मेली होती, हे जगाला २००२ साली कळलं. हा भाग लागल्यावर चाळीसच दिवसांनी, २७ जानेवारी १९६७ ला, अपोलो १ च्या चाचणीत आग लागून तीन अमेरिकी अंतराळवीर गेले, आणि एप्रिलमध्ये रशियाच्या सोयूझ १ यानातले अंतराळवीर कोमारोव्ह.

जपानी मुलांनी मात्र जमीलाला आपल्या पद्धतीने जवळ केलं. त्याचं डोकं खांद्यांत रुतलेलं आहे, त्यामुळे सदऱ्याची कॉलर कपाळापर्यंत ओढून 'मी जमीला' म्हणत फिरायचा खेळ तिथल्या कित्येक पिढ्यांनी खेळलाय. तुमचा मुलगाही बहुतेक खेळेल. खेळू द्या.

एक सूचना. आधी दुसरा भाग दाखवा. त्या भागाची गोष्ट इदेच सांगतो, एक डोळा काळानिळा झालेला, थेट आपल्याकडे बघत, आणि तिथे तो तुम्हाला आवडून जाईल. मग तेविसावा लावा आणि शेवटचा मिनिट चुकवू नका. सगळे स्मारकापासून निघतात, इदे तिथेच उभा राहतो आणि म्हणतो की बळी गेलेल्यांचं नेहमी हेच होतं, शब्द तेवढे सुंदर असतात. माझ्या भाचीने तिथे विचारलं होतं, 'मामा, तो खरा कोण होता हे त्यांनी कुणालाच नाही सांगितलं?' मी 'नाही' म्हणालो, आणि आम्ही बराच वेळ टीव्ही बंद करून बसलो होतो.