पणजोबांचं चरित्र लिहायला घेतलेल्या मुलीस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझं पहिलं प्रकरण वाचलं. भाषा चांगली आहे, पण त्यात तुझे पणजोबा मला कुठे भेटले नाहीत. स्वाभिमानी, उद्योगी, प्रेमळ, साहित्याची गोडी असलेले ही विशेषणं काढली तर उरतं एवढंच, की त्यांनी 1912 च्या सुमारास वेंगुर्ल्यात छापखाना घातला, काही नाटकं आणि एक निबंधांचं पुस्तक लिहिलं, आणि वारले. तुझी विशेषणं कोकणातल्या कुठल्याही माजघरात टांगलेल्या फोटोखाली खपून जातील.

घरच्यांना पुस्तक पूजेला आलेल्या पाहुण्यांच्या हातात द्यायचंय, ते मला ठाऊक आहे. देऊ देत. पण लिहिताना एकच प्रश्न धरून बस: पैसा कुठून आला आणि तो येईपर्यंत घर कोणी चालवलं? उद्योजक आणि लेखक अशा दोन टोप्या घातलेल्या माणसाचं चरित्र या प्रश्नावाचून लिहिताच येत नाही. नाटकं चांगली होती की वाईट, ते नंतर. (दोन मी वाचलीत. वाईटच आहेत. पण त्यातला सावकार मात्र झकास उतरलाय, आणि तो उगाच उतरलेला नाही.)

तुझ्या पणजोबांच्या आधीच्या पिढीतलं एक उदाहरण तुमच्या शेजारचंच आहे. आजगावचे काशिनाथ रघुनाथ आजगावकर. जन्म 1871 चा. बंगाली शिकले, बंगालीतलं साहित्य मराठीत आणलं आणि 'मित्र' हे बंगाली आडनाव लावून घेतलं. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत 'मनोरंजन' मासिक काढलं आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक. मराठीतला तो पहिला दिवाळी अंक मानतात. आज घरोघर दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी अंक पडलेला असतो, त्याची सुरुवात एका आजगावकराने केली. त्यांचं स्वतःचं लेखन आज फारसं कोणी वाचत नाही. राहिलं ते त्यांनी उभं केलेलं दुकान. 'दुकान' म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. वर्षातून एकदा जाडजूड, चित्रांचा अंक काढायचा तर कागद, चित्रांचे ठसे, लेखक, जाहिरातदार आणि वर्गणीदार या सगळ्यांची मोट बांधावी लागते, आणि एकाने हात आखडला की अंक बसतो. मित्र 1920 मध्ये गेले, त्यानंतरही मासिक काही वर्षं चाललं. माणसामागे काम चालू राहिलं की नाही, हे तुझ्या पणजोबांच्या बाबतीतही बघ. छापखाना कोणाकडे गेला, छपाईच्या अक्षरांचे खिळे कोणी विकत घेतले?

दुसरं उदाहरण घाटावरचं, मुद्दाम देतो, कारण त्यात कुटुंब फार ठळक दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं आणि ते यंत्रांकडे वळले. मुंबईत शिकवत असताना ते सायकली बेळगावला पाठवायचे. तिथे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पाटीवर 'किर्लोस्कर ब्रदर्स' होतं, त्यातलं 'ब्रदर्स' शोभेला नव्हतं. पुढे लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, जागा दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच पुतण्या शंकररावांनी 1920 मध्ये कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. म्हणजे नांगराच्या जाहिरातीपासून निघालेलं पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रातलं एक वजनदार मासिक झालं, आणि 1930 मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर त्या 'किर्लोस्कर'मध्ये लिहीत होते. घरातल्या कोणी काय उचललं ते नावानिशी सांगता येतं म्हणून ही गोष्ट वाचताना खरी वाटते. तुझ्या प्रकरणात पणजोबांना भाऊच नाही. होते ना दोघे? एक तर मुंबईत गिरणीत होता असं तूच मागे म्हणाली होतीस. मग त्याची मनीऑर्डर कुठे गेली?

आता कामाचं. पणजोबांचं छापील पुस्तक उघड आणि आधी मजकूर वाचू नकोस. मुखपृष्ठाच्या मागची किंवा शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाच: 'हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापिले व अमुक यांनी तेथेच प्रसिद्ध केले.' 1867 च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याने ती ओळ छापावीच लागे. मुद्रक एक, प्रकाशक दुसरा असेल तर पैसा दुसऱ्याचा असू शकतो. त्याच कायद्याखाली सरकार दर तिमाहीला छापलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध करी. तीत पानं, आवृत्ती, किती प्रती काढल्या, किंमत आणि हक्क कोणाचा, हे सगळं रकान्यांत असायचं. 'नाटक फार गाजलं' असं तू लिहिलंयस. त्या यादीतला प्रतींचा आकडा बघ आणि मग गाजलं का ते ठरव. सुरुवातीला शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची घे, 1800 ते 1937 च्या मराठी पुस्तकांसाठी तिला पर्याय नाही. सावंतवाडीचं 'वैनतेय' साप्ताहिक 1924 मध्ये निघालं, त्याचे जुने अंक मिळाले तर जाहिराती चाळ, अग्रलेख राहू देत.

एक गोष्ट तुझ्या अजून लक्षात आलेली दिसत नाही. 1910 च्या प्रेस कायद्यानुसार नवा छापखाना घालणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपये जामीन म्हणून अनामत मागता येत असे. मॅजिस्ट्रेटच्या मनात आलं तर सूट मिळे. पणजोबांचा छापखाना बरोबर त्या काळातला. सूट मिळाली असेल तर कोणाच्या शब्दावर? नसेल मिळाली तर त्या काळचे पाचशे रुपये एका कारकुनाच्या पोराने आणले कुठून? तुमच्या घरात सांगतात की पणजीने हौसेने पाटल्या काढून दिल्या. तू तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलंस. बाय, पाटल्या हौसेने घालतात. काढून देण्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

ते वहीत सापडेल. लाल कापडी बांधणीच्या ज्या चोपड्या तुझ्या काकांनी माळ्यावर टाकल्यात, त्यात रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खात्यावार वही) वेगवेगळ्या ओळख. मोडी लिपी आहे म्हणून घाबरू नकोस, हिशेबाची मोडी तीच तीच असते, महिन्याभरात डोळा सरावतो. शकात 78 मिळवलेस की इसवी सन येतो, म्हणजे शके 1832 हे 1910-11. पण शक चैत्रात बदलतो आणि व्यापाऱ्याची वही बहुधा दिवाळीच्या पाडव्याला, हे सांभाळ. मे महिन्याच्या नोंदी नीट बघ. पावसात आगबोटी बंद व्हायच्या, त्यामुळे चार महिन्यांचा कागद आणि शाई आधी भरून ठेवावी लागे. कर्ज निघत असेल तर ते तेव्हाच. आणि घरखर्चाचं खातं त्याच महिन्यात किती खाली येतं ते शेजारी ठेवून बघ. नाटक कुठल्या पावसाळ्यात छापलं आणि घरात तांदूळ कुठल्या पावसाळ्यात उधार आला, या दोन तारखा एका पानावर आल्या की तुझं प्रकरण आपोआप उभं राहील. एवढंही बघ की छापखाना खरा कशावर चालला: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. नाटकं त्या पैशावर छापली गेली.

बायकांची नावं शोधताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही लिहून ठेव, नाहीतर एकच बाई दोनदा मोजशील. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, जपून वापर. त्यात मुलगे शाखेशाखेने येतात आणि मुली 'कन्या दोन' एवढ्यावर आटपतात. दफ्तराचंही लक्षात घे: 1981 पर्यंत तुमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि आजगाव संस्थान विलीन होईपर्यंत सावंतवाडी संस्थानात. माणसं रोज हद्द ओलांडून ये-जा करायची, कागद मात्र दोन वेगळ्या दरबारांत जमा झाले. म्हणून एका कचेरीत 'काही मिळालं नाही' म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस.

पाटल्यांची खरी हकीकत सापडली आणि ती घरच्यांना रुचली नाही तर काय, हे तू विचारणारच. मी छापेन. आधी तुझ्या आत्येआजीला वाचून दाखवेन, तिला दुरुस्त करायला सांगेन, तिची दुरुस्ती तिच्या नावाने घालेन, पण गाळणार नाही. जागेच्या वाटणीचा वाद मात्र अजून कोर्टात आहे ना, तो सोडून दे. त्यात जिवंत माणसं अडकलीत, आणि पणजोबांशी त्याचा काही संबंध नाही.

वह्या आत्ताच खाली काढ. चिपळूणच्या वाचनालयाने 2005 आणि 2021 च्या पुरात काय गमावलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि तुमच्या माळ्यावर तर पुराचीही गरज नाही, कागद खाणारी कसर पुरेशी आहे. उन्हात टाकू नकोस, पानं कडकडीत होऊन तुटतात. सावलीत, वाऱ्यावर, एकेक पान मोकळं करून मोबाइलवर फोटो घे. कव्हराच्या आतल्या बाजूचाही घे, तिथे लोक बरंच काही खरडून ठेवतात. मोडी अडली तर ते फोटो मला पाठव, रविवारी दुपारी मी मोकळा असतो. मूळ वही पोस्टाने पाठवू नकोस. 1912 च्या मे महिन्याची पानं सर्वांत आधी.

कळावे. घरी सर्वांना यथायोग्य.

तुझे सर