मिलचा भोंगा बंद झाला, आता उठायचं कधी?

"मॅडम, कामातनं मध्येच उठलं की लिंक तुटते आणि नाही उठलं की डोकं चालत नाही, मग करायचं काय?" मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला महिन्यातनं दोन-तीन जण तरी विचारतातच. बँकेतले, शिरोली एमआयडीसीत प्लॅनिंग बघणारे, घरनं काम करणारी आयटीची पोरं, सगळे. त्यातली एक केस सांगते, त्या ताईंना विचारूनच, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलून.

ताई चाळिशीच्या आसपासच्या, कोल्हापुरात शाहूपुरीत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अकाउंट्सला. आल्या तेव्हा ब्रेकबिक काही विषय नव्हता. "मॅडम, माझा मेंदू गेलाय बहुतेक, मी लई चुका करालोय." (आमच्याकडं बायका पण 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, बाहेरनं आलेल्यांना पहिल्यांदा गंमत वाटते.) झालं होतं असं की सारख्या नावाच्या दोन फर्म, त्यातल्या एकीचं बिल यांनी दुसरीच्या जीएसटी नंबरवर टाकलं, 11 तारखेच्या आत रिटर्न गेलं, आणि 14 ला टू-बी (खरेदीवरच्या टॅक्सचं किती क्रेडिट मिळणार ते दाखवणारी जीएसटीची यादी) आल्यावर ज्याला क्रेडिट मिळायचं त्याच्याकडं ते बिल दिसेचना. त्यानं सरांना फोन केला आणि सरांनी यांना सगळ्यांसमोर झापलं. तशी चूक पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त होते हो, पण ताईंना रात्री दोन-दोनला जाग यायला लागली, कुठला नंबर कुठं टाकला ते आठवत पडून राहायच्या.

मी दिवसाचं विचारलं. सव्वादहाला खुर्चीत, उठायचं रात्री आठला. मध्ये काय? "डबा खातो की." कुठं? "टेबलावरच." उजव्या हातात भाकरी आणि डाव्या हातात माऊस, आणि डावा हात कसा पटापट चालतो ते त्यांनी माझ्या टेबलावर करून पण दाखवलं, जरा अभिमानानंच. पाण्याची दोन लिटरची बाटली शेजारी, ती संध्याकाळी अर्धी तशीच घरी जायची, कारण बाथरूम खालच्या मजल्यावर आणि "सारखं उठलेलं बरं दिसत नाही."

हे 'बरं दिसत नाही' मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्याच ऑफिसातले पुरुष दिवसातनं तीनदा खाली टपरीवर जातात, ते कोण मोजत नाही, कारण चहा हे कारण आहे ना. बाईमाणसानं एकटीनं टपरीवर उभं राहायचं म्हटलं की आपल्याकडं अजून माना वळतात. मग ताईंचा ब्रेक म्हणजे खुर्चीतच बसून मोबाईल वर सरकवणं. त्यात डोळ्यांना तेच अंतर, मानेला तोच बाक, आणि डोक्यात कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आणखी भरायचे. याला मी विश्रांती म्हणत नाही.

आधी त्यांना डॉक्टरकडं धाडलं, थायरॉईड, बीपी, डोळे बघून घ्या म्हटलं, उगं सगळं मनावर ढकलायचं नसतं. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला, बाकी ठीक होतं. मग एकच काम दिलं, आठ दिवस वहीत फक्त चुकीची वेळ लिहायची, चूक काय ते लिहायचं नाही. वही आली तेव्हा तेरा चुका होत्या आणि त्यातल्या नऊ दुपारी चारच्या पुढच्या. ताई बराच वेळ वहीकडं बघत बसल्या. सकाळच्या त्या आणि दुपारच्या त्या जणू दोन वेगळ्या बायका. म्हटलं, मेंदू गेला असता तर सकाळी पण गेलेला असता की.

मग मी सांगितलं ते चुकलं, हे पण लिहितेच. मी त्यांना पोमोडोरो करायला लावलं. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलोनं 1980 च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर काढलेली ती पद्धत, 25 मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. तीन दिवसांत ताईंचा फोन, "टायमर वाजतोय तवा मी बँक स्टेटमेंटच्या मधल्या ओळीत असतोय, परत पहिल्यापास्नं टाली करा." बरोबरच होतं त्यांचं. ज्याचं काम तुकड्यात मोडतं त्याला ते जमतं, यांचं काम पार्टी पार्टीनं, म्हणजे एकेका क्लायंटचं पूर्ण करत चालतं.

पुढच्या वेळी बोलता बोलता त्यांच्या वडिलांचा विषय निघाला. वडील शाहू मिलमध्ये होते. भोंगा झाला की हातातलं सोडून डबा घेऊन झाडाखाली, परत भोंगा झाला की आत. ताई म्हणाल्या, "आबांना कधी वाटलं नाही बघा आपण कामचुकार आहे म्हणून." वाटणार कसं, भोंगा सगळ्यांनाच वाजायचा. आणि ती काय मालकांची माया नव्हती, 1948 चा कारखाना कायदा झाला तेव्हाच त्यात सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टी लिहिलेली होती. मिल बंद पडली, भोंगा गेला, आणि लेक एसीत बसली तिला उठवायला कोणच नाही.

मग आम्ही तिचा भोंगा कामातच बसवला. एक पार्टी संपली की उठायचं, मोठी असली की अर्ध्यावर. उठायच्या आधी कागदावर एक ओळ, 'मे चं स्टेटमेंट, 17 तारखेपर्यंत जुळलं, चेक राहिलाय.' लिंक तुटायची भीती होती ना, ती या ओळीनं बरीच गेली. अर्धवट काम डोक्यात रेंगाळतं आणि दुसरीकडं लक्ष लागू देत नाही, यावर 2009 साली सोफी लेरॉय यांचा अभ्यास आहे, पण ताईंना मी एवढंच म्हटलं, दूध गॅसवर ठेवून बाहेर गेल्यासारखं होतं, तर गॅस बंद करून जा. दोन लिटरची बाटली घरी आणि ऑफिसात अर्ध्या लिटरची, म्हणजे भरायला उठावंच लागतं. आणि चारला दहा मिनिटं गच्चीवर, मोबाईल ड्रॉवरमध्ये. हवा स्वच्छ असली की लांब जोतिबाचा डोंगर दिसतो, दिवसभर दीड-दोन फुटांवर बघून आखडलेल्या डोळ्यांना तेवढं लांबचं लागतंच.

सरांचं काय? ताईंची सगळ्यात मोठी भीती तीच. म्हटलं परवानगी मागू नका, वही दाखवा. त्यांनी सांगितलं, "सर, चारनंतर माझ्या चुका व्हायला लागल्यात, म्हणून मॅचिंग सकाळी घेतो आणि चारला दहा मिनिटं वर जाऊन येतो." सर मान वर न करता म्हणाले, "जावा की, कोण नको म्हणालंय."

हे सांगताना ताई रडल्या. अकरा वर्षांत कुणी नको म्हणालेलंच नव्हतं. आता सगळ्यांचे सर असे नसतात, मशीनवरच्या माणसाला रिलीव्हर, म्हणजे त्याची जागा घेणारा, आल्याशिवाय हलता येत नाही हे मला ठाऊक आहे, तिथं बोलणं सुपरवायझरशी करावं लागतं आणि ते अवघडच असतं. पण माझ्याकडं येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी विचारलेलंच नसतं.

दोन महिन्यांनी ताई वही घेऊन आल्या. चारनंतरच्या चुका कमी झाल्या होत्या, आठच्या ऐवजी सातला घरी. फक्त 18, 19, 20 ही पानं परत भरलेली, थ्री-बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न) ची शेवटची तारीख 20, त्या तीन दिवसांत ना गच्ची ना बाटली, डबा परत टेबलावर.

"वीस तारखेचं तेवढं काय जमंना बघा मॅडम."

म्हटलं, डबा तरी दोन्ही हात मोकळे सोडून खावा. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, बघतो.