गोळी बदलायची का? आधी तारीख लिही

तुझा मेसेज रात्री वाचला. तीन आठवडे डिप्रेशनच्या गोळ्या घेतोय, काडीचा फरक नाही, उलट मळमळतंय, बदलून मागू की बंदच करू, आणि शेवटी "की माझंच काहीतरी चुकतंय". ते शेवटचं वाचून पोटात तुटलं रे. तुझं काही चुकत नाहीये, तुझा हिशोब तेवढा चुकतोय.

तूच लिहिलंयस की पहिले दोन आठवडे सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम होती आणि ५० मागच्या सोमवारी झाली. मग तीन आठवडे कसले? २५ ही शरीराला सवय व्हावी म्हणून असते, डिप्रेशनसाठी मोठ्या माणसांत खरा डोस साधारण ५० पासून पुढे धरतात. म्हणजे तुझा जेमतेम आठवडा झालाय. मळमळ आधी येते, आराम मागून येतो, आणि नेमक्या या मधल्या दिवसांत लोक गोळी सोडतात.

म्हणून तारीख लिही. पूर्ण डोस सुरू झाला ती एक, आणि तिथून चार आठवड्यांनंतरची दुसरी. त्या दुसऱ्या तारखेची अपॉइंटमेंट आजच घेऊन ठेव, कारण तेव्हा फोन उचलायचं बळ असेल की नाही सांगता येत नाही.

मी यावर एवढी अडून का बसते ते सांगते. माझ्या वेळी डॉक्टरांनी मला सुरुवातीच्याच डोसवर महिनोन्‌महिने ठेवलं. कसं वाटतंय, ठीक, चालू ठेवा, पुढचा पेशंट. ते महिने मला कोणी परत देणार नाही, याची हळहळ अजून जात नाही. पुढच्या डॉक्टरांकडे मी वही घेऊन गेले, तारीख, डोस, झोप, जाग आल्यावर अंथरुणातून उठायला लागलेला वेळ, सगळं त्यात होतं. त्यांनी पानं चाळली, डोस वाढवला, तरी हललं नाही म्हणून मग औषध बदललं, आणि मला पटवत बसावं लागलं नाही. घरचे म्हणतात हिला वहीचं वेड आहे. असू दे, मला उभं केलं ते त्या वहीनेच.

रोज मूड मोजू नकोस, वेड लागेल. आठवड्यातून एकदा पीएचक्यू-९ भर, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजायची प्रश्नावली, नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. आकडा निम्म्यावर आला तर औषध चांगलं लागू पडतंय, ५ च्या खाली आला तर आजार जवळपास मागे हटला. आणि चार आठवड्यांनी थोडासाच उतरला असेल तर? तर बदलायची घाई नको, डोस वाढवून अजून काही आठवडे द्यायचे. अजिबातच हलला नसेल तर मात्र "अजून थोडं थांबा" एवढ्यावर उठू नकोस. डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे तिथेच विचार, थायरॉइड तपासायचा का तेही विचार. गोळ्या चुकल्या असतील, दारू होत असेल, तर तेही खरं सांग. मधे कधी झोप न लागताही अंगात जोर, डोक्यात भराभर विचार, असे दिवस आले असतील तर ते आवर्जून सांग, बायपोलर (मन कधी फार खाली, कधी फार वर जाण्याचा आजार) असेल तर औषधंच वेगळी लागतात.

पहिलं औषध लागू न पडणं हे काही तुझ्यातलं वैगुण्य नाही. स्टार-डी नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात (२००६ मध्ये निकाल आले) पहिल्या औषधाने, सिटालोप्रॅमने, पूर्ण बरे झाले ते साधारण तिघांतला एक, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सहा आठवड्यांहून जास्त लागले. पुढे ज्यांचं औषध बदललं त्यांच्यातले साधारण चौघांतला एक बरा झाला, आणि सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, बुप्रोपिऑन यात फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे "सगळ्यात भारी गोळी कुठली" हे शोधत रात्र घालवू नकोस. तारीख लिहिलीस का ते सांग.

आणि मनाने बंद करायची नाही, कळलं? अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, अंगात करंट गेल्यासारखं होतं, आणि ते आजाराचंच वाटायला लागतं. बदलतानाही जुनी कशी उतरवायची, नवी कधी चढवायची हे डॉक्टरच ठरवतील.

फक्त एका बाबतीत तारखेची वाट बघायची नाही. जीव द्यावासा वाटायला लागलं, आधीपेक्षा जास्त वाटायला लागलं किंवा विलक्षण अस्वस्थता आली तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना फोन, नाहीतर सरळ इमर्जन्सी. तू पंचविशीच्या आतला आहेस, या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना हा धोका जास्त असतो, म्हणून घरात एकाला तरी हे सांगून ठेव. कोणाला सांगणार ते मला उद्या कळव, दोन्ही तारखांसकट.