चिंधी बांधलेलं फळ

तुझं पत्र काल दुपारी वाचलं आणि रात्री पुन्हा काढून वाचलं. तीन पानं खर्चाचा हिशेब, नोकरी सोडावी की बाग सोडावी हा गोंधळ, घरच्यांचे टोमणे. सगळं कळलं. पण माझं बोट अडकलं ते शेवटच्या पानावरच्या एका ओळीवर. तू लिहिलं आहेस, ‘घेवडा यंदा छान आला, सगळा खाऊन संपवला, पुढच्या हंगामासाठी नवं पाकीट मागवलंय.’

तुझ्या हातून ही ओळ सहज लिहिली गेली असेल. मला मात्र तिच्यापायी झोप लागली नाही. तुझ्या तीन पानांच्या हिशेबाचं उत्तर त्याच ओळीत आहे आणि तुला ते दिसत नाहीये.

आधी मागे ठेवायचं, मग खायचं. मला सांगायचंय ते एवढंच, आणि मी ते या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तुझी खर्चाची यादी समोर घे. पहिल्या वर्षी आणलेल्या ज्या वस्तू दुसऱ्या वर्षीही आणाव्या लागल्या त्यांच्यापुढे फुली मार. बियांची पाकिटं, मातीच्या पिशव्या, खताची बाटली, बांधायची सुतळी. जिथे जिथे फुली पडेल तिथे तिथे तू काहीतरी मागे ठेवायला हवं होतं आणि ठेवलं नाहीस. बी ठेवलं नाही म्हणून पाकीट आलं. पालापाचोळा नि देठं टाकून दिली म्हणून खत आलं. भाजी महाग पडली असं तू लिहिलं आहेस. भाजी महाग पडली नाही. भाजीमागचं सगळं दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागलं, ते महाग पडलं. आणि नोकरीचं आत्ता विचारूच नकोस. ज्याच्या घरात दोन हंगामांचं स्वतःचं बी नाही त्याने नोकरी सोडायच्या गोष्टी बोलू नयेत.

रागावले आहे असं वाटेल. रागावलेच आहे, पण तुझ्यावर कमी. का ते सांगते.

माझ्या सासूबाई परसात घेवडा लावायच्या. तपकिरी बी, त्यावर जांभळट शिंतोडे आणि डोळ्याभोवती पिवळी कड. तो त्यांच्या आईकडून आलेला. आईकडे कुठून आला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या बहराला ज्या वेलाच्या शेंगा ठसठशीत दिसत, ज्याला कीड नसे, त्या वेलाला त्या जुन्या साडीची चिंधी बांधत. चिंधीच्या वेलाला घरात कुणी हात लावायचा नाही. शेंगा तिथेच पिवळ्या पडायच्या, वाळायच्या, आणि हलवल्यावर आतून खुळखुळ वाजल्या की मगच त्या खुडायच्या.

त्या थकल्या आणि बाग माझ्याकडे आली. त्या वर्षी घरात पाहुण्यांची ये-जा होती. भाजीची वाहवा होत होती, मला ती हवी होती. पहिला बहर खुडला, दुसरा खुडला, चिंधी बांधायची राहिली. शेवटचा बहर बियाण्याला ठेवू असं मनात होतं. नेमका त्या बहरावर आठ दिवस पाऊस लागला आणि शेंगा वेलावरच बुरसल्या. तरी मी निर्धास्त, कारण मागल्या वर्षीचं मूठभर बी बरणीत होतं. पेरणीच्या दिवशी बरणी उघडली तर दाण्यादाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आणि तळाशी पिठासारखा भुगा. मी ते बी नीट वाळवलं नव्हतं, भुंगेरे आत होते तसेच बरणीत कोंडले होते. सासूबाईंनी बरणी माझ्या हातून घेतली, तळहातावर उपडी केली, भुगा बघितला आणि हात पदराला पुसला. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो घेवडा मला पुन्हा कुठेही मिळाला नाही. बावीस वर्षं शोधते आहे. दुसऱ्याच्या परसात वेल दिसला की आजही मी आधी शेंग उघडून आतला रंग बघते.

दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांचा वेढा पडला, तो १९४४ च्या जानेवारीत उठला. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी देशोदेशी फिरून जमवलेलं बियाणं तिथल्या संस्थेत होतं. शहरात लाखो माणसं भुकेने गेली. त्या संस्थेतली काही माणसंही गेली, भाताच्या नि गव्हाच्या बियाण्याने भरलेल्या डब्यांच्या शेजारी बसून, डबे न उघडता. वाविलोव्ह स्वतः तेव्हा तुरुंगात होते आणि १९४३ च्या जानेवारीत तेही तिथेच उपासमारीने गेले. मी हे वाचलं तेव्हा मला माझी पाहुण्यांची पंगत आठवली. माझ्यावर कुठला वेढा पडला होता? एक वाटी भाजी कमी वाढली असती तर काय बिघडलं असतं?

म्हणून आता नीट ऐक. सुरुवात टोमॅटो, वाटाणा आणि घेवडा या तिघांपासून कर. यांचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्यामुळे बी मायझाडासारखं येतं. टोमॅटो निवडताना सगळ्यात मोठ्या फळावर जाऊ नकोस, सगळ्यात निरोगी झाड बघ. फळ पूर्ण पिकलं की गर बियांसकट वाटीत काढ, थोडं पाणी घाल आणि दोन-तीन दिवस तसंच राहू दे. वास येईल, वर पांढरट साय धरेल. धरू दे. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो या आंबण्यात सुटतो. मग खाली बसलेलं बी चार पाण्यांनी धू आणि काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या ताटलीत सावलीला पसर. कागदावर पसरलंस तर असं चिकटतं की कागदासकट पेरावं लागतं. एका फळात तुझ्या सगळ्या बागेला पुरून उरेल एवढं बी निघतं. एक फळ मागे ठेवायचंय, टोपली नव्हे.

घेवड्याचा दाणा दाताखाली धरून बघ. दाताची खूण उमटली तर तो अजून ओला आहे, आणखी वाळव. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीची जागा पाच अंशांनी थंड असली तरीही तसंच. कडकडीत वाळलेलं बी बंद बरणीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं तर आतली कीड मरते. मला हे बावीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. तुला मी सांगते आहे, तेव्हा तुझ्याकडे सबब नाही.

आणि मागवलेलं पाकीट आलं की आधी त्यावरचं वाच. संकरित किंवा एफ-१ (म्हणजे संकराची पहिली पिढी) असं लिहिलं असेल तर परत पाठव. संकरित झाडाचं बी राखता येतं, पण पुढल्या वर्षी भावंडं एकमेकांसारखी निघत नाहीत, नि तू माझ्या नावाने खडे फोडशील. सरळ वाण माग, म्हणजे ज्याचं बी मायझाडासारखंच येतं असा. भोपळा, काकडी, दुधी यांचं बी मात्र एवढ्यात धरू नकोस. मधमाशा एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेतात. भोपळ्याच्या, काकडीच्या नर नि मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून सकाळी हाताने पराग लावायचे, मादी फूल पुन्हा बांधायचं, एवढी शिस्त अंगात आली की मग. अशा मिसळलेल्या बीची दुधी किंवा काकडी कडू लागली तर घास थुंकून टाक आणि ते फळ फेक. तो कडूपणा विषारी असतो. काटकसर म्हणून ते पोटात ढकलायचं नाही.

रानातलं, बांधावरचं खुडून आणायचंय असंही लिहिलं आहेस, त्यालाही हाच नियम. घोळीची भाजी खुडताना मूळ उपटायचं नाही, शेंडे घ्यायचे, खालचं खोड राहू द्यायचं. घोळीसारखीच जमिनीसरपट पसरणारी दुसरी झुडपं असतात, तेव्हा देठ मोडून बघ. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, हात धू आणि पुढे जा. चाकवताची दोन-चार रोपं सबंध बी गळेपर्यंत उभी राहू दे, पुढल्या वर्षी न पेरता ताटभर मिळेल. अळिंब्यांच्या नादी एकट्याने लागू नकोस. काहींचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो, तोवर यकृतावर घाव बसलेला असतो. ज्याने ती ओळखण्यात आयुष्य घातलंय त्याच्याबरोबरच जायचं.

मातीबद्दल थोडक्यात. हंगाम संपला की घेवडा, वाटाणा उपटू नकोस, जमिनीलगत काप. मुळं आत राहू दे, त्यांच्या गाठींत नत्र असतं. वरचा पाला तिथेच पसर. खोक्यांचा पुठ्ठा भिजवून गवतावर अंथर, रिकाम्या बरण्या बियाण्याला, फाटकं कापड चिंध्यांना. हे तुला जमतंय, तुझ्या पत्रावरून दिसतं.

तू विचारलं आहेस, घरच्यांना हे कसं पटवायचं. मला ते पटवता आलेलं नाही. माझी लेक सात वर्षांची होती तेव्हा तिने चिंधीचा टोमॅटो तोडून खाल्ला. लालबुंद होता, पोर ती, खाणारच. मी तिच्यावर अशी कडाडले की ती तोंडातला घास हातात घेऊन उभी राहिली. आज ती मोठी आहे आणि तो प्रसंग तिला आठवतो. आवाज चढवायला नको होता, हे मी तिच्यापाशी कबूल केलंय. पण चिंधीचं फळ खायचं नसतं, हे मी तेव्हाही खरं मानत होते आणि आजही मानते. माझ्यामुळे घरात एक बरणी रिकामी झाली होती. दुसरी होऊ देणार नव्हते. लोक म्हणतात, एवढ्याशा बियांपायी मी घराला वेठीला धरलं. धरलं असेल. पण माझ्या मांडणीवर आज अठरा बरण्या आहेत आणि त्यातल्या अकरांचं बी मी विकत घेतलेलं नाही. तुझ्या यादीतली एकही फुली माझ्या वहीत नाही.

तू अजून वेल उपटला नसशील, अशी माझी आशा आहे. सगळा खाल्ला असं म्हटलं तरी घेवड्याची एखादी शेंग पानाआड राहतेच, बहुधा बुंध्याजवळ, जिथे वाकायचा कंटाळा येतो तिथे. उद्या सकाळी जाऊन खालून वर पानं उलटून बघ. सापडली तर तोडू नकोस, चिंधी बांध. आठवड्याने हलवून बघ आणि वाजते का ते मला कळव.