पेटंट राहू द्या, पाऊच छापल्याचं बिल जपा

प्रश्न : मी कागल तालुक्यात राहते. 2016 पासून घरगुती कांदा-लसूण मसाला स्वतःच्या ब्रँडखाली विकते. पुण्याला माल नेणाऱ्या वितरकाशी हिशेबावरून बिनसलं. आता त्यानं त्याच नावाचा मसाला बाजारात आणलाय, नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केलाय आणि वर वकिलाकरवी मलाच नोटीस धाडलीय : 15 दिवसांत 'ट्रेडमार्क, कॉपीराइट व पेटंटचे उल्लंघन' थांबवा. मी मसाल्याचं पेटंट काढून ठेवू का?

उत्तर : ताई, नोटीस लिहिणाऱ्यानं तीन निरनिराळे हक्क एकाच फोडणीत टाकलेत. घाबरू नका, पण नोटीस फडताळात ठेवूनही देऊ नका. मुदतीत लेखी उत्तर जायलाच हवं.

पेटंट मिळतं ते नव्या शोधाला, 20 वर्षांसाठी. घटकांची नुसती मिसळ आणि परंपरेनं चालत आलेलं ज्ञान, दोन्ही पेटंट कायद्याच्या कलम 3 नं वगळली आहेत. शिवाय अर्जात कृती सविस्तर लिहून द्यावी लागते आणि ती पुढे प्रसिद्ध होते. सासूबाईंचं प्रमाण जगजाहीर करायचं आणि हाती काहीच नाही! ते वहीतच राहू द्या. मसाला करायला येणाऱ्या बायकांशी मात्र गुप्ततेचा साधा लेखी करार करा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, तो कागदच कामी येतो.

खरं भांडण नावाचं आहे, म्हणजे ट्रेडमार्कचं. नोंदणी झाल्याखेरीज 'उल्लंघना'चा दावा लावता येत नाही आणि त्याचा तर अजून अर्जच आहे. उलट, नाव आधीपासून वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. प्रश्न पुराव्याचा. तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात बहुतेक कांडपाच्या पावत्या आहेत. त्यांवरून तुम्ही मिरची कुटून घेतलीत एवढंच ठरतं, ब्रँडचं नाव त्यांवर नाही. कामाचा कागद तळाशी होता : ऑक्टोबर 2016 चं, पाऊच छापणाऱ्याचं बिल. त्यावर नाव जसंच्या तसं आहे. वितरकानं अर्जात स्वतःच 2023 पासूनचा वापर लिहिलाय. आणि 'ताई, आपल्या मसाल्याचे 40 किलो पाठवा' असे त्याचेच व्हॉट्सअॅप मेसेज फोनमध्ये असतील, तर फोन बदलू नका.

त्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या पत्रिकेत, छापून अडीच महिने झालेत. विरोधाला मुदत 4 महिन्यांची, ती वाढवून मिळत नाही. विरोधाचा टीएम-ओ फॉर्म ऑनलाइन भरा, एका वर्गाची (म्हणजे मालाच्या एका प्रकाराची) फी 2,700 रुपये. सोबत तुमचा स्वतःचा अर्जही टाका : मसाले वर्ग 30 मध्ये येतात, व्यक्तीला ऑनलाइन फी 4,500. वापराचं प्रतिज्ञापत्र जोडायला विसरू नका. नोंदणी 10 वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होत राहतं. ती होईपर्यंत पाऊचवर 'टीएम' छापा, गोलातला 'आर' नको. नावातल्या 'कोल्हापुरी' शब्दावर मात्र ना त्याची मक्तेदारी, ना तुमची.

आता लेबल. इथं मला तुमची जास्त काळजी वाटते. पाटा-वरवंट्याचं ते चित्र गावातल्या एका पोरानं 2,000 रुपये रोख घेऊन कॉम्प्युटरवर काढून दिलं, असं तुम्ही लिहिता. पैसे दिले म्हणून अशा चित्राचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी सही करून द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर' हे शब्द घाला, दिलेली रक्कम लिहा, दोघांच्या सह्या घ्या. हे याच आठवड्यात उरका. लेबल कुणी काढलं हे वितरकालाही ठाऊक असेल, तुमच्याआधी तोच त्या पोराची सही घेऊन बसायचा.