धावताना शिट्टी वाजते: आधी श्वास आत की बाहेर ते ऐका

रेसमधून निवृत्त झालेला तुमचा १६ हँडचा (खांद्याशी ५ फूट ४ इंच उंच) थरोब्रेड घोडा उभा असताना गप्प असतो, वेग वाढला की घशातून शिट्टी वाजते, आणि तबेल्यातले लोक सर्दी समजून काढा पाजा म्हणताहेत. काढा कृपया पाजू नका. ताप, शेंबूड, खोकला काहीच नसेल, तर हवेची वाट कुठेतरी अडते आहे. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यामुळे नाक-घशात जागा जराशी कमी झाली तरी पळताना जाणवतं.

आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे आधी पक्कं करा. चौखूर धावताना चारही पायांची एक फेरी म्हणजे एक श्वास. पुढच्या पायांवर भार येतो तेव्हा तो बाहेर पडतो. थंडीत पहाटे नाकपुड्यांतली वाफ बघून हे सहज कळतं. लगाम आखडून मान वाकवली असेल तर आवाज वाढतो, म्हणून मान मोकळी सोडून पुन्हा ऐका आणि आवाजासकट व्हिडिओ घ्या.

श्वास घेताना शिट्टी असेल तर उंच घोड्यात माझा पहिला संशय स्वरयंत्राच्या डाव्या नसेवर. ती छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते आणि परत घशात येते. इतकी लांब नस हळूहळू निकामी होते, मग स्वरयंत्राची डावी बाजू पुरती उघडत नाही. तट्टूंमध्ये हे क्वचितच. सोडताना गुरगुर होऊन घोडा एकदम मंदावला, तर मऊ टाळू जागचा सरकत असावा. दुर्बिणीने तपासून घ्या. टाळूचा दोष उभ्या घोड्यात बऱ्याचदा सापडत नाही, तो धावताना बघावा लागतो.

उभा असतानाच घरघर सुरू झाली तर मात्र त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करा. स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारात घशाच्या गाठी पिकून श्वास कोंडतो, कधी श्वासनलिकेला छेद द्यावा लागतो. नाकातून पू आणि अंगावर गाठी-फोड असतील तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी होईपर्यंत घोडा वेगळा बांधा, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. हा रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो.

नसेचाच दोष निघाला तरी ऑपरेशनची घाई नको. टाके घालून स्वरयंत्र उघडं ठेवता येतं, पण मग चारा-पाणी श्वासनलिकेत जाऊन खोकला मागे लागू शकतो. हलक्या रपेटीत घोडा दमत नसेल, तर मी नुसत्या आवाजासाठी त्याला टेबलावर घेणार नाही.